अकरा दहाचा करार

‘तुम्ही येते म्हणालात आणि आला नाहीत,’ फोनवर फ्राउ केसलर म्हणाली. नमस्कार-चमत्कार काही नाही, एकदम मुद्द्यावर. क्रांती तेव्हा हायडेलबर्गच्या एका कॉपी शॉपमध्ये उभी होती. काउंटरवरच्या माणसाने पुठ्ठ्यांचे नमुने समोर पसरले होते आणि प्रबंधाच्या बांधणीला कुठला रंग हवा म्हणून तो विचारत होता. निळा, असं ती म्हणणारच होती. चार प्रती, शुक्रवारी अबगाबे, म्हणजे सहा वर्षांचं ओझं एकदाचं युनिव्हर्सिटीच्या खिडकीत टाकून मोकळं व्हायचं. आणि मध्येच हे. ‘कोण, मी?’ ती म्हणाली. ‘गेनाऊ, अगदी तुम्हीच. काल तीन वाजता. हेर मुकांडे तेव्हापासून दार उघडं टाकून, कोट घालून, बूट घालायच्या बाकड्यावर बसलेत. जिना केवढा गार असतो ठाऊक आहे ना तुम्हाला? काल संध्याकाळी मी दटावून आत पाठवलं. आज सकाळी बघते तर परत तिथेच. म्हणतात, ती खाली गेलीय, येतेच म्हणाली.’ फ्राउ केसलर ही मुकांडेंची शेजारीण, बहात्तर वर्षांची, कचऱ्याचे डबे चुकीच्या वारी बाहेर ठेवणाऱ्याला माफ न करणारी बाई. ती उगाच बोलणार नाही. क्रांतीने काउंटरवरच्या माणसाला सांगितलं, रंगाचं नंतर बघू, आणि कागदांचा गठ्ठा तसाच पाठीवरच्या बॅगेत कोंबून ती बाहेर पडली. त्या माणसाने मागून काहीतरी म्हटलं. तिने ऐकलं नाही.

वाल्डॉर्फला, मुकांडेंकडे जाणाऱ्या बसमध्ये बसल्यावर डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि तिला इतकी लाज वाटली की शेजारी कोणी बसलेलं नाही याचंच बरं वाटलं. काल ती मुकांडेंकडे गेली होती ते संपाचं प्रकरण वाचून दाखवायला. ते वाचलंच नाही. त्याऐवजी त्यांच्या बालपणाचं, मिशनच्या शाळेचं, आधी दोनदा वाचून झालेलं प्रकरण तिसऱ्यांदा वाचलं आणि घड्याळाकडे बघून उठली. बुटाची नाडी बांधत होती तेव्हा ते आतून म्हणाले, ‘आणि संपाचं?’ ती गडबडली. माणूस गडबडला की आईची भाषाच तोंडात येते, फक्त तिने कपडे इंग्रजीचे घातले होते एवढंच. ‘आय ॲम जस्ट कमिंग, मिस्टर मुकांडे,’ असं म्हणून ती जिना उतरली. येतेच. बस. आपल्याकडे दारातून निघताना कोणी जाते म्हणतं का? जाते म्हटलं तर आई अंगावर धावून यायची, ‘येते म्हण, जाते काय!’ चिखलठाण्याच्या वस्तीतून कामावर, शाळेत, दवाखान्यात, सासरी निघालेलं प्रत्येक माणूस येतोच म्हणून निघालं होतं, आणि मागे कोणी बाकड्यावर बसून राहिलं नव्हतं. पण त्या म्हाताऱ्याला हे कोणी सांगायचं? त्यांनी ऐकलं तो सरळ अर्थ, मुलगी त्या प्रकरणाची पानं छापून आणायला खाली गेली असेल, येतेच म्हणाली.

बाहेर शेतं होती, शतावरीच्या वाफ्यांवर प्लॅस्टिक अंथरलेलं होतं, आणि बसमध्ये वाल्डॉर्फच्या त्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीचे गळ्यात ओळखपत्रं अडकवलेले चारपाच जण होते. त्यातले दोघे मराठी होते, पुण्याचे असावेत, आंघोळीच्या खोलीतल्या बुरशीवरून घरमालकाशी चाललेल्या भांडणाबद्दल बोलत होते. एरवी क्रांतीने कान टवकारले असते. सहा वर्षांत तिने अशी कितीतरी बोलणी चोरून ऐकली होती आणि ओळख मात्र दिली नव्हती. ओळख दिली की आडनाव विचारतात, मग गाव, मग एक छोटी गप्प जागा येते, मग ‘अच्छा, अच्छा’. त्या अच्छाचा तिला कंटाळा होता. एकटं राहणं परवडलं, असं ती स्वतःला सांगायची. पण खरं सांगायचं तर तसं परवडत नव्हतं. रविवारी सगळी दुकानं बंद असायची आणि तिच्या खोलीत दिवसभरात एक शब्द उच्चारला जायचा नाही, तेव्हा ती मुकांडेंच्या आवाजाची रेकॉर्डिंगं लावून बसायची. कामासाठी म्हणून. बावन्न तासांचा आवाज. कुठे खोकला येतो, कुठे किटली शिट्टी मारते, सगळं पाठ झालं होतं.

टोबायस मुकांडे. तांब्याच्या खाणींच्या देशातला माणूस. खाणीच्या तोंडाशी बसून माणसांनी भरलेला लोखंडी पिंजरा खाली सोडायचा आणि पाळी संपली की वर ओढायचा, हे त्यांचं काम होतं. एका वेळी चाळीस जीव एका हातात. ‘माझ्यावर विश्वास ठेवण्यावाचून त्यांना इलाजच नव्हता,’ ते एकदा हसून म्हणाले होते, ‘पुढारी व्हायला एवढं पुरतं.’ मग शाखेचा चिटणीस, मग जिल्ह्याचा, मग साऱ्या देशाच्या खाण कामगारांचा सरचिटणीस. मग तो सतरा दिवसांचा संप. चार हजार माणसं फाटकाबाहेर बसलेली, बायका तिथेच मक्याची लापशी शिजवतायत, आणि सतराव्या दिवशी मुकांडे बोलणी करायला एकटे आत गेले. दुपारी दीड वाजता फाटकावर गोळी चालली. तीन माणसं गेली. मुकांडे नंतर पूर्वेच्या दाराने बाहेर पडले, हातात करार होता, मागितलं होतं त्याच्या निम्म्याहून कमी. पुढे दोन वर्षांनी त्यांनी पक्ष काढला. खाणीतला दिवा ही निशाणी. पावाच्या एका जुन्या गाडीवर भोंगा बांधून देशभर फिरले, सरकारला घाम फोडला, दोनदा तुरुंगात गेले, तीन निवडणुका लढले. परदेशी पत्रकार त्यांना शूर म्हणत. राजधानीत त्यांच्या सभेला मुंगीला शिरायला जागा नसायची. आणि ज्या खाणीच्या गावातून ते आले, तिथे तिन्ही वेळा त्यांच्या पक्षाची अनामत जप्त झाली. का, ते कोणी पुस्तकात लिहिलं नव्हतं. क्रांती ते लिहीत होती.

कारण तिला एक कागद सापडला होता. कंपनीची जुनी दफ्तरं कुणीतरी एका अभिलेखागाराला दिली होती. त्यातल्या एका फुटकळ फाइलमध्ये बैठकीचं टिपण होतं, करारावर सही, वेळ सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. म्हणजे गोळी चालायच्या आधी दोन तास वीस मिनिटं सगळं मिटलेलं होतं. मुकांडे तेव्हाच बाहेर येऊन घरी जा म्हणाले असते, तर तीन माणसं घरी गेली असती. एवढं साधं गणित. प्रोफेसरबाई खूश झाल्या होत्या, हा तुझ्या प्रबंधाचा कणा आहे म्हणाल्या. क्रांतीने प्रकरण लिहिलं, तळटीप दिली, आणि त्या दिवसापासून तिला नीट झोप नव्हती. मुकांडेंची अट एकच होती आणि ती त्यांनी पहिल्याच भेटीत घातली होती, ‘माझे डोळे गेलेत, मुली. जे लिहिशील ते छापायच्या आधी मला वाचून दाखव. बदल म्हणून सांगणार नाही. फक्त मला सगळ्यात शेवटी कळायला नको.’ तिने शब्द दिला होता. आणि गेल्या तीन भेटी ती बालपणाचं प्रकरण वाचत होती.

भीती त्यांच्या रागाची नव्हती. इथेच खरी मेख होती आणि ती तिला एकटीलाच माहीत होती. तिचे बाबा, यादवराव, चिखलठाण्याच्या एमआयडीसीत पाइपांच्या कारखान्यात फिटर होते आणि युनियनचे सेक्रेटरी. मुलगी झाली तेव्हा नाव ठेवलं क्रांती. बारशाला जमलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं, पण बाबा ठाम. ती नऊ वर्षांची असताना कारखान्यात संप झाला, एकवीस दिवस चालला, आणि मग बाबा आत जाऊन मिटवून आले. कितीवर मिटवला हे तिला कळण्याचं वय नव्हतं. पण चार दिवसांनी शाळेत एक मुलगी म्हणाली, ‘तुझा बाप मॅनेज झाला.’ क्रांतीला काय आनंद झाला! तिला वाटलं, मॅनेज होणं म्हणजे मॅनेजर होणं. दप्तर उडवत ती घरी पळत आली, बाबा ताटावर बसले होते, आणि तिने दारातूनच ओरडून सांगितलं, ‘आई, बाबा मॅनेज झाले!’ आईचा हात चपातीवर थांबला. बाबांनी मान वर केली नाही. भाजीत चपाती बुडवून ते खात राहिले, आणि खाऊन झाल्यावर ताट स्वतः उचलून मोरीत ठेवलं. पुढे ते नगरसेवकपदाला उभे राहिले, वस्तीनेच पाडलं, आणि मग युनियन नाही, राजकारण नाही, आंबेडकर जयंतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकंसुद्धा त्यांच्याकडे कोणी दिली नाहीत. चार वर्षांपूर्वी गेले तेव्हा क्रांती तिसऱ्या दिवशी पोचली. मॅनेज होणं म्हणजे काय ते तिला अकराव्या वर्षी कळलं होतं, आणि त्यानंतर बावीस-तेवीस वर्षं बाबांशी तिचं सगळ्या विषयांवर बोलणं झालं. त्या एका विषयावर नाही.

म्हणून तर आफ्रिकेतला एक म्हातारा पुढारी शोधून काढला की काय तिने? प्रोफेसरबाईंना दिलेल्या अर्जात तिने तुलनात्मक कामगार चळवळ वगैरे लिहिलं होतं, आणि ते खोटं होतं असंही नाही. पण मनाच्या तळाशी तिला हवं होतं की मुकांडे निर्दोष निघावेत. कागदच खोटा ठरावा. त्यांना आत कोंडलं होतं, धमकावलं होतं, असं काहीतरी निघावं. एक माणूस सुटला तर दुसराही सुटेल, असला बालिश हिशोब अडतिसाव्या वर्षी, डॉक्टरेटच्या उंबऱ्यावर! तिचं तिलाच हसू आलं, आणि हसता हसता थांबा आला.

फ्राउ केसलर जिन्यातच उभी होती. ‘आल्झो,’ म्हणजे ‘हं, तर मग’, एवढंच म्हणाली आणि आपल्या घरात गेली, दार मात्र पूर्ण लावलं नाही. मुकांडे खरंच बाकड्यावर होते. करड्या कोटाची सगळी बटणं लावलेली, काठी गुडघ्यांत, तोंड जिन्याकडे. मधलं दिसत नाही त्यांना आता, नुसत्या कडा दिसतात, म्हणून माणसाकडे बघताना ते जरा बाजूला बघतात. त्यांची मुलगी इथल्याच त्या कंपनीत होती, ती दोन वर्षांपूर्वी कॅनडाला गेली. तेव्हापासून या दोन खोल्यांत ते, रेडिओ आणि आठवड्यातून दोनदा येणारी नर्स. ‘पावलं तुझीच आहेत,’ ते म्हणाले. ‘छापखान्यात फार गर्दी होती?’ टोमणा नव्हता, खरंच विचारत होते. तिने त्यांना हात देऊन आत नेलं, कोट काढला. हात थंडगार होते. मग समोर बसून तिने सगळं सांगितलं, आमच्यात निघताना जाते म्हणत नाहीत, जाणं फक्त मेलेल्या माणसाचं असतं, म्हणून येते म्हणतात, आणि त्याचा अर्थ जाते असाच असतो, कोणी वाट बघत नाही, माझं चुकलं. ऐकताना त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. ‘म्हणजे तुमची सगळी भाषाच वचन देते आणि कोणी ते धरत नाही. राजकारणाला उत्तम आहे.’ मग बराच वेळ हसले, खोकले, पाणी प्यायले. ‘फाटकावर मीही हेच म्हणालो होतो,’ ते म्हणाले. ‘आत जाताना. येतोच म्हणालो. पण आमच्या भाषेत त्याचा अर्थ येतो असाच आहे. वाच आता.’

तिने वाचलं. इंग्रजी प्रबंधाची ती गुळगुळीत वाक्यं त्या खोलीत तिला ओळखू येईनात, कुणा परक्याच बाईने लिहिल्यासारखी वाटली. फाटक, लापशीची भांडी, पोलिसांच्या गाड्या. अकरा वाजून दहा मिनिटं. ‘त्यानंतर दोन वाजून पाच मिनिटांपर्यंत मुकांडे इमारतीत काय करत होते याची नोंद उपलब्ध नाही,’ इथे त्यांनी काठी जमिनीवर एकदा टेकवली. ती थांबली. ‘नोंद नाही, पण मी आहे,’ ते म्हणाले. ‘विचार.’ ती म्हणाली, ‘तुम्हाला सोडलं नसेल. दाराला कुलूप असेल.’ ‘नव्हतं.’ ‘कराराच्या प्रती टाइप व्हायला वेळ लागला असेल, तेव्हा सगळं टाइपरायटरवर—’ ‘मुली,’ ते म्हणाले, ‘तू मला मदत करतेयस. मला मदत नको आहे. विचार.’

तिने विचारलं. तुम्ही तीन तास आत काय करत होतात? इतकं छोटं वाक्य होतं ते.

‘चहा पीत होतो,’ मुकांडे म्हणाले. ‘दूध वेगळं, साखर वेगळी, बिस्किटं बशीत. सतरा वर्षं त्या ऑफिसात मी जात होतो आणि सतरा वर्षं टेबलापुढे उभा राहून बोललो होतो. त्या दिवशी सही झाली आणि मोठ्या साहेबाने स्वतःच्या हाताने खुर्ची ओढली. बसा, मिस्टर मुकांडे. मिस्टर म्हणाला. मी बसलो. कातड्याची होती. मग तो माझं बालपण विचारायला लागला, शाळा कुठली, बाप काय करायचा, आणि मी सांगत बसलो. तुला सांगितलं ना, तेच सगळं. मला वाटलं, पाच मिनिटं अजून. मग अजून पाच मिनिटं. फाटकावरचे लोक कुठे पळून जाणार होते? येतो म्हणून सांगितलं होतं मी. आवाज आला तेव्हा माझ्या हातात दुसरा कप होता. साहेब म्हणाला, ट्रकचा टायर असेल. मला ठाऊक होतं टायर नाही. मी कप खाली ठेवला नाही. संपवला.’ बोलताना ते तिच्या बाजूला, खिडकीकडे बघत होते. ‘निवडणुकीच्या प्रत्येक सभेत मला वाटायचं, आज कोणीतरी उठेल आणि विचारेल. सरकारच्या माणसांनी विचारलं नाही, कारण त्यांना खुर्ची म्हणजे काय हे कळत नव्हतं. आमच्या माणसांनी विचारलं नाही. त्यांनी नुसती मतं दिली नाहीत. आणि एक चूक आहे तुझ्या कागदात. सही दहा चाळीसला झाली. समोर भिंतीवर घड्याळ होतं. अकरा दहा त्यांनी नंतर घातलं. माझ्यावर दया म्हणून की स्वतःसाठी, माहीत नाही. तू दहा चाळीस लिही. आणि तीन कामगार असं काय लिहिलंयस? नावं आहेत त्यांना.’

त्यांनी नावं सांगितली. क्रांतीने ती समासात देवनागरीत टिपून घेतली, उच्चार तिला देवनागरीतच नीट धरता यायचे. तिसऱ्या नावावर तिला अक्षर दिसेना. ती रडत होती, आणि मुकांडेंना ते कडांच्या नजरेने दिसलं असावं, कारण त्यांनी हात पुढे करून टेबलावर इकडेतिकडे चाचपला आणि तिच्या हाताऐवजी त्यांना कागद सापडले, तर त्यांच्यावरच हात ठेवून ते बसून राहिले. तिला त्या माणसाचा राग आला, मनापासून राग आला, आणि त्या रागात तिला ते जितके जवळचे वाटले तितके त्या बावन्न तासांत वाटले नव्हते. बऱ्याच वेळाने ती उठली. नाडी बांधली. या वेळी दारात काय म्हणायचं ते तिला सुचेना, म्हणून ती म्हणाली, ‘गुरुवारी नर्स अकराला असते ना? मी बारा वाजता असेन.’ ‘बारा,’ ते म्हणाले.

बसच्या थांब्यावर कोणी नव्हतं. दुपार कलली होती, तिकडे संध्याकाळ झाली असणार. तिने आईला फोन लावला. कमलाबाईंनी नेहमीप्रमाणे पहिला प्रश्न केला, ‘जेवलीस का?’ दुसरा, ‘पुस्तक दिलंस का बांधायला?’ क्रांती म्हणाली, ‘आई, एक विचारू का? बाबा तेव्हा खरंच मॅनेज झाले होते का गं?’ पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

‘मला नाही माहीत, बाई,’ आई म्हणाली. ‘तू त्या दिवशी शाळेतून येऊन बोललीस ना, जेवणं झाल्यावर ते माझ्यापाशी येऊन बसले. म्हणाले, कमल, तू विचार ना मला. एकदा विचार. मी म्हटलं, मला काय करायचंय विचारून, तुम्ही केलं ते बरोबरच असेल.’

‘मग?’

‘मग काही नाही. थोडा वेळ बसले आणि उठले. मला भ्या वाटलं गं, काय सांगतील म्हणून. परत कधी म्हणाले नाहीत ते.’

बस आली. ड्रायव्हरने दार उघडलं, तिच्याकडे बघितलं, क्षणभर थांबला. क्रांतीने मानेने नाही म्हटलं. ‘आई, फोन ठेवू नको,’ ती म्हणाली आणि थांब्यावरच्या बाकावर बसली.